चार ओळींचे हेडिंग नेमके कुठे चुकते

पत्र:

आदरणीय संपादक,
सप्रेम नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत अकरावीला आहे. सिंहस्थाच्या काळात गोदावरीच्या पाण्याचे काय होते, यावर आम्हाला इंग्रजीत पाच पानांचा पेपर लिहायचा होता. मी पहिले पान वेगळे केले. त्याला बॉर्डर, शाळेचा लोगो, मध्ये मोठ्या अक्षरात शीर्षक आणि खाली ‘सबमिटेड बाय’, ‘सबमिटेड टू’. टीचरनी ते पान काढायला सांगितले आणि लाल पेनाने ‘एमएलए हेडिंग’ असे लिहून पेपर परत दिला. मग मी नाव, वर्ग, तारीख हे सगळे हेडरमध्ये टाकले, तर ते प्रत्येक पानावर यायला लागले. ओळींमध्ये जागाही फार सुटते आहे. माझी मावसबहीण पुण्यात मानसशास्त्र शिकते. ती म्हणते, वेगळे पान लागतेच. वर्गातल्या एका मुलाचे शीर्षक ठळक होते, त्याला काहीच म्हटले नाही. सोमवारी पेपर पुन्हा द्यायचा आहे. नक्की कसे लिहू? तारीख जुनी टाकू की नवी? आणि मराठीच्या प्रकल्पालाही हेच करायचे का?
अकरावीतली एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर:

तुझ्या टीचर बरोबर आहेत आणि मावसबहीणही बरोबर आहे. दोघी वेगवेगळ्या पद्धतींविषयी बोलताहेत, तिथेच सगळा घोळ झाला आहे.

एमएलए म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशन. भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांची ही संस्था १८८३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. पेपर कसा मांडावा याचे नियम तिने पुस्तकरूपाने दिले आहेत आणि त्या पुस्तकाची नववी आवृत्ती २०२१ ची आहे. इंग्रजी आणि साहित्याच्या तासाला बहुतेक ठिकाणी हीच पद्धत मागतात. तिच्यात एकट्याने लिहिलेल्या पेपरला वेगळे मुखपृष्ठ नसते. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, सामाजिक शास्त्रे यांत एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत चालते. तिच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे विद्यार्थ्याच्या पेपरला मुखपृष्ठ लागते. वरून तीन-चार ओळी सोडून मध्यभागी ठळक अक्षरात शीर्षक, मग एक ओळ मोकळी, त्याखाली नाव, विभाग आणि संस्था, विषयाचा क्रमांक व नाव, शिक्षकांचे नाव आणि पेपर द्यायची तारीख. उजव्या कोपऱ्यात वर फक्त पान क्रमांक. मावसबहीण सांगते ते हे. वर्गातल्या मुलाचे ठळक शीर्षकही बहुधा इथूनच आले असावे. त्याला कोणी हटकले नाही म्हणून तू तसे करू नकोस. तुझ्या पेपरवर एमएलए असे स्पष्ट लिहून आले आहे.

बॉर्डर आणि लोगो काढायला लागले याचे वाईट वाटून घेऊ नकोस. प्रकल्पवहीचे पहिले पान नटवायचे हे आपल्याकडे लहानपणापासून हाताला लागलेले असते आणि तिथे ते शोभतेही. इथे मात्र तपासणाऱ्याला पानावर नजर टाकताच चार गोष्टी कळायला हव्यात: पेपर कोणाचा, कोणासाठी, कोणत्या विषयाचा आणि कधीचा. त्या चार ओळींत सांगून लगेच मजकूर सुरू होतो. ओळी अशा:

सानिका पाटील
मिसेस कुलकर्णी
इंग्लिश ११ ब
१७ ऑगस्ट २०२६

नावे अर्थात उदाहरणादाखल आहेत, आणि तुझ्या पेपरवर हे सगळे इंग्रजीत येईल. क्रम हाच ठेवायचा: आधी तू, मग शिक्षक, मग विषय, मग तारीख. कोणत्याही ओळीआधी ‘नेम’, ‘क्लास’, ‘डेट’ असे शब्द लावायचे नाहीत आणि ओळीच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही. ‘सबमिटेड बाय’ वगैरेही इथे नको, कारण पहिली ओळ लिहिणाऱ्याची आणि दुसरी शिक्षकांची, हे ठरलेलेच आहे.

नावाच्या ओळीत महाराष्ट्रातली मुले हमखास अडखळतात. गुणपत्रिकेवर आपले नाव आडनावापासून सुरू होते: पाटील सानिका राजेंद्र. तेच जसेच्या तसे पेपरवर उतरवले की आपली पद्धत माहीत नसलेला वाचणारा ‘राजेंद्र’ हे आडनाव समजतो. हेडिंगमध्ये आधी स्वतःचे नाव, शेवटी आडनाव. वडिलांचे नाव मध्ये घालायची गरज नाही. घालायचेच असेल तर मध्येच राहू दे आणि आडनाव शेवटी येऊ दे. सगळे नाव मोठ्या अक्षरांत लिहू नकोस. नाव आणि आडनाव यांचे पहिले अक्षर मोठे, बाकी लहान.

शिक्षकांच्या ओळीत ‘कुलकर्णी मॅडम’ किंवा ‘टीचर’ असे लिहीत नाहीत. वर्गात त्यांना मिसेस, मिस, प्रोफेसर किंवा डॉक्टर यांपैकी ज्या बिरुदाने ओळखतात ते आणि आडनाव पुरते. नुसते पूर्ण नाव लिहिले तरी चालते. स्पेलिंग वेळापत्रकावरून पाहून घे. एकच आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, आणि स्वतःचे नाव चुकलेले माणसाला सगळ्यात आधी दिसते.

तिसऱ्या ओळीत विषयाचे नाव आणि त्याचा क्रमांक. महाविद्यालयात प्रत्येक विषयाला सांकेतिक क्रमांक असतो, तो तिथे येतो. शाळेत तसा नसेल तर विषय, इयत्ता आणि तुकडी. हजेरी क्रमांकाला एमएलएत वेगळी ओळ नाही. तुमच्याकडे तो मागत असतील तर याच ओळीत स्वल्पविराम देऊन पुढे लिही, पाचवी ओळ वाढवू नकोस. पेपरचे नाव, म्हणजे ‘गोदावरी प्रोजेक्ट’ असे काही, इथे येत नाही. त्याला पुढे स्वतंत्र जागा आहे.

तारखेत महिना अक्षरांत लिही: दिवस, महिना, वर्ष, मध्ये स्वल्पविराम नाही. ०५/०८/२०२६ असे आकड्यांत लिहिले तर आपण ५ ऑगस्ट वाचतो आणि अमेरिकेत तेच ८ मे वाचतात. महिना आधी लिहायची पद्धतही एमएलएला चालते, मग दिवस आणि वर्ष यांच्या मध्ये स्वल्पविराम लागतो. जी धरशील ती पेपरभर एकच ठेव. आणखी एक: वर्डमध्ये ‘इन्सर्ट’मधून तारीख टाकताना ‘अपडेट ऑटोमॅटिकली’वर खूण राहिली तर फाइल ज्या दिवशी उघडशील त्या दिवसाची तारीख दिसू लागते. हाताने टाइप केलेली बरी.

आता हेडरकडे येऊ, कारण तुझी मुख्य अडचण तिथे आहे. ‘हेडिंग’ आणि ‘हेडर’ ही नावे सारखी वाटतात, पण पानावर त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. हेडर म्हणजे वरच्या समासातली पट्टी. तिच्यात टाकलेले प्रत्येक पानावर उमटते, ते कामच तिचे. चार ओळी तिथे गेल्या म्हणून त्या पाचही पानांवर आल्या. शिवाय हेडर चार ओळींनी फुगला की पानाचा मजकूर खाली ढकलला जातो. त्या ओळी तिथून कापून घे, हेडरमधून बाहेर पड आणि साध्या मजकुराची पहिली ओळ असते तिथे चिकटव. पानाच्या वरच्या कडेपासून एक इंच, डाव्या कडेपासून एक इंच. मजकूर जिथून सुरू होतो तिथेच तुझे नाव. डबल क्लिक करून वरच्या पट्टीत जायचे नाही आणि ‘टेक्स्ट बॉक्स’ तर नाहीच नाही.

समास चारही बाजूंनी एक इंच, म्हणजे २.५४ सेंटीमीटर. वर्डमध्ये ‘लेआउट’, ‘मार्जिन्स’, ‘नॉर्मल’ निवडले की तेवढाच येतो. कागद आधी तपास. ‘साइज’मध्ये कित्येकदा ‘लेटर’ असते. तो अमेरिकी कागद २७९.४ मिलिमीटर लांबीचा, आणि आपला ए-४ २९७ मिलिमीटरचा. फाइल लेटरची आणि कागद ए-४ चा असला की छापताना एकतर खाली पट्टा मोकळा राहतो किंवा प्रिंटर मजकूर आपल्या मनाने लहान-मोठा करतो. नाशिकमध्ये छापणार असशील तर ए-४ च ठेव.

अक्षर टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट. दुसरा वाचनीय फॉन्टही एमएलएला मान्य आहे आणि आकार ११ ते १३ पॉइंटपर्यंत चालतो, पण त्याचा तिरपा प्रकार सरळ अक्षरापेक्षा वेगळा ओळखू आला पाहिजे. शाळेत वाद नको म्हणून टाइम्स बरा.

ओळींमधली जागा जास्त सुटते असे तू लिहिलेस. कारण बहुतेक वेळा एकच असते. वर्ड प्रत्येक परिच्छेदानंतर स्वतःहून ८ पॉइंट जागा सोडतो. चार ओळी लिहिताना तू प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबतेस, म्हणजे वर्डच्या हिशेबी ते चार परिच्छेद झाले आणि प्रत्येकाखाली ती जादा जागा आली. त्यावर एमएलएला लागणारे डबल स्पेसिंग, म्हणजे ओळींमधले दुप्पट अंतर, चढवले की हेडिंग विस्कटल्यासारखे दिसते. उपाय असा: कंट्रोल आणि ए दाबून सगळे निवड, उजवे क्लिक करून ‘पॅराग्राफ’ उघड, ‘लाइन स्पेसिंग’ डबल कर आणि ‘बिफोर’ व ‘आफ्टर’ दोन्ही शून्य कर. कंट्रोल आणि २ दाबूनही डबल स्पेसिंग येते, पण त्याने ‘आफ्टर’ची जागा जात नाही. मुले तेवढेच करून थांबतात आणि चूक तशीच राहते.

झाले की नाही ते पट्टीने मोजता येते. टाइम्स १२ पॉइंटमध्ये डबल स्पेसिंगला एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत साधारण ९.७ मिलिमीटर अंतर येते. छापलेल्या पानावर नावाच्या ओळीपासून शिक्षकांच्या ओळीपर्यंत साडेबारा मिलिमीटरच्या आसपास भरले, तर ते ८ पॉइंट अजून तिथेच आहेत. ए-४ वर एक इंचाच्या समासात अशा पंचवीस ओळी मावतात. पहिल्या पानावर चार हेडिंगला, एक शीर्षकाला, उरलेल्या वीस तुझ्या मजकुराला. दुसऱ्या पानावरच्या ओळी मोजून पाहा. पंचवीसपेक्षा बऱ्याच कमी भरल्या तर कुठेतरी जादा जागा लपली आहे.

हीच मोजणी शीर्षकालाही लागू. तारखेखाली एकदाच एंटर, मग शीर्षक, मग एकदाच एंटर आणि पहिला परिच्छेद. शीर्षकाच्या वर-खाली एकेक ओळ मोकळी सोडायचा मोह होतो. सोडायची नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अंतर एकसारखे.

शीर्षक मध्यभागी. त्यासाठी स्पेसबार दाबत बसू नकोस, कंट्रोल आणि ई दाब. अक्षर मजकुराचेच, १२ पॉइंट. ठळक नाही, तिरपे नाही, खाली रेघ नाही, अवतरणचिन्ह नाही, सगळी मोठी अक्षरे नाहीत. शेवटी पूर्णविराम नाही. शीर्षक प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह मात्र हवे. शीर्षकात एखाद्या पुस्तकाचे नाव आले तर तेवढेच तिरपे, कारण मजकुरातही ते तिरपेच असते.

मोठ्या-लहान अक्षरांचा नियम नीट पाहा, कारण तुझ्या विषयात तो अडणार आहे. समजा शीर्षक ‘द गोदावरी ड्युरिंग द सिंहस्थ’ असे आहे. महत्त्वाच्या शब्दांचे पहिले अक्षर मोठे: नाम, सर्वनाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ लहान, ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ लहान, आणि सगळी शब्दयोगी अव्यये लहान, मग ती कितीही लांब असोत. ‘ड्युरिंग’ हे शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून एमएलएत त्याचा डी लहान. एपीएत चार किंवा अधिक अक्षरांचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, तिथे तोच डी मोठा होतो. म्हणून मावसबहिणीकडून शीर्षक तपासून घेतलेस तर ती ते सुधारेल आणि टीचर पुन्हा खोडतील. शीर्षकाचा पहिला आणि शेवटचा शब्द मात्र काहीही असला तरी मोठ्या अक्षरानेच सुरू होतो, म्हणून सुरुवातीच्या ‘द’चा टी मोठा आणि मधल्या ‘द’चा लहान. अपूर्णविराम देऊन उपशीर्षक जोडलेस तर त्याच्या पहिल्या शब्दालाही हेच. वर्डमधले ‘कॅपिटलाइज ईच वर्ड’ हे बटण इथे उपयोगाचे नाही, ते सरसकट सगळ्याच शब्दांना मोठे करते.

शीर्षकाखाली एंटर दाबल्यावर पुढचा परिच्छेदही मध्यभागी येतो. कंट्रोल आणि एल दाबून तो डावीकडे आण, मग टॅब एकदा. प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ अर्धा इंच आत. काही जण सगळा मजकूर निवडून ‘फर्स्ट लाइन’ अर्धा इंच लावतात. मग हेडिंगच्या चारही ओळी अर्धा इंच आत सरकतात, आणि शीर्षक पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरहून थोडे जास्त, उजवीकडे ढळते. ते मध्यभागी आहे असे वर्ड सांगत राहतो, डोळ्यांना मात्र काहीतरी तिरके वाटत राहते. हेडिंग आणि शीर्षक वगळून फक्त परिच्छेद निवडायचे.

राहिले आडनाव आणि पान क्रमांक. हे मात्र खरोखरच हेडरमध्ये जाते. वरच्या कडेपासून अर्धा इंच, उजव्या समासाला टेकून: पाटील, एक स्पेस, १. मध्ये स्वल्पविराम नाही, ‘पेज’ किंवा ‘पी’ नाही. इंटर्नल असेसमेंटच्या दिवसांत टीचरच्या टेबलावर गठ्ठे पडलेले असतात, पिना निघतात, पाने सुटी होतात. तिसरे पान कोणाचे ते तेव्हा या दोन शब्दांवरूनच कळते. पाटील, पवार, जाधव अशी आडनावे एका वर्गात तीन-चार निघणे आपल्याकडे नेहमीचे आहे. तसे असेल तर आडनावाआधी नावाचे आद्याक्षर घालू का, एवढे टीचरना विचारून घे.

वर्डमध्ये क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘इन्सर्ट’, ‘पेज नंबर’, ‘टॉप ऑफ पेज’, ‘प्लेन नंबर ३’. आकडा उजवीकडे येतो आणि कर्सर त्याच्या आधी उभा असतो. तिथे आडनाव आणि एक स्पेस टाइप कर. उलट केलेस, म्हणजे आधी आडनाव लिहून मग वरच्या यादीतून क्रमांक घातलास, तर आडनाव पुसले जाते. आकडा हाताने टाइप केलास तर पाचही पानांवर तोच एक आकडा दिसेल. कंट्रोल आणि ए दाबून अक्षर बदललेस तरी ते हेडरपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिथले अक्षर निवडून टाइम्स १२ वेगळे करायला लागते. पहिल्या पानावर क्रमांक दिसत नसेल तर ‘डिफरंट फर्स्ट पेज’वरची खूण काढ. एमएलएत पहिल्या पानालाही क्रमांक असतो. काही शिक्षक पहिल्या पानावर तो नको म्हणतात, तेव्हा त्यांचे ऐकायचे.

गूगल डॉक्समध्ये लिहीत असशील तर अक्षर एरियल ११ आणि अंतर १.१५ असते, दोन्ही बदल. ‘इन्सर्ट’मधल्या ‘पेज नंबर्स’मध्ये उजव्या वरच्या कोपऱ्याचा पर्याय घे आणि आकड्याच्या आधी आडनाव लिही. हेडर दिसतच नसेल तर फाइल ‘पेजलेस’ झालेली असते. ‘पेज सेटअप’मध्ये जाऊन ‘पेजेस’ कर.

हाताने लिहायला सांगितले तर फुलस्केपवर एकाआड एक ओळीवर लिही, तेच डबल स्पेसिंग. हेडिंग समासाच्या रेघेला लागून, आडनाव आणि क्रमांक वरच्या कोऱ्या पट्टीत उजवीकडे. पेपर दोघा-तिघांनी मिळून लिहिलेला असेल तर मात्र एमएलएतही मुखपृष्ठ येते आणि सगळ्यांची नावे त्यावर जातात, पहिल्या पानावरच्या चार ओळी गळतात.

छापण्याआधी फाइल पीडीएफ कर. कॉलेज रोडवर किंवा शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल नेलीस आणि तिथल्या संगणकावर वर्डची आवृत्ती किंवा फॉन्ट वेगळे असले, तर ओळी सरकतात आणि शीर्षकाखालचा परिच्छेद भलतीकडे तुटतो. दुकानदाराला ‘फिट टू पेज’ काढून ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ ठेवायला सांग. ‘फिट’मध्ये सगळे पान थोडे आक्रसते, १२ पॉइंट १२ राहत नाही आणि एक इंचाचा समास एक इंच राहत नाही. स्पायरल बाइंडिंग करू नकोस. पाच पानांना त्याची गरज नसते आणि त्याची भोके डाव्या समासात, हेडिंगच्या अगदी जवळ पडतात. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक पिन पुरते. ती समासाच्या आतच मार, नावाला लागता कामा नये.

मराठीच्या प्रकल्पाला हे काही लावू नकोस. तिथे शाळेने दिलेला नमुना चालतो: मुखपृष्ठ, शाळेचे नाव, विषय, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, शैक्षणिक वर्ष, आणि मागितले असेल तर प्रमाणपत्राचे पान. तुझी बॉर्डर तिथे वापर. टाइप करणार असशील तर युनिकोडमध्ये कर. टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत, त्यामुळे तो निवडलास तरी वर्ड मराठीसाठी दुसराच फॉन्ट घेतो. तो मंगल असेल तर त्याच्या ओळी मुळातच उंच असतात, डबल स्पेसिंग केले की पानभर थोड्याच ओळी उरल्यासारखे होते. मराठीला दीडपट अंतर बरे दिसते.

तारीख नवी टाक, सोमवारची. हेडिंगमधली तारीख तू पेपर हातात देतेस त्या दिवसाची असते, पहिला मसुदा संपवला त्या दिवसाची नसते. लाल शेरा असलेले जुने पहिले पान मात्र फेकू नकोस. सुधारलेल्या पेपरच्या मागे ते जोडून दे, म्हणजे काय बदलायला सांगितले होते ते टीचरना आठवत बसावे लागणार नाही.